अर्धवट अवस्थेतली जुनी पिकअप विकताय? आधी आरसी बुक शोधा

विटांवर उभी महिंद्रा एफसी-१५०, इंजिन बाहेर काढलेलं, हौद्याचा पत्रा सडलेला. असा ‘प्रोजेक्ट’ हौशी माणूस आनंदाने टेम्पोत घालून नेतो. आरसीवर नाव मात्र तुमचंच राहतं. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं आहे. म्हणून ‘चालू झाली की नावावर करू’ या बोलीवर गाडी सोडू नका.

विकण्याचा हक्क आरसीवरच्या मालकाचा. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी ती वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५, आरसी हरवली असेल तर दुसरी प्रत काढायला फॉर्म २६. नंबर तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतला असेल तर गाडी सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदणी प्रणालीत दिसते का ते पाहा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद (जुन्या कागदी नोंदी संगणकावर चढवणं) आधी.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकलीत तर १४ दिवसांत कळवायचं. परराज्यात विकलीत तर फॉर्म २८ वर एनओसी (ना-हरकत दाखला), मुदत ४५ दिवस. घेणाऱ्याला कळवायला ३० दिवस. सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळख-पत्त्याचे पुरावे, चेसिस (सांगाडा) नंबरचा कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा.

घोडं अडतं ते इथेच. बंद गाडीला पीयूसी मिळणार कुठून? खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपली असेल तर फॉर्म २५ आणि तपासणी, मालवाहू नोंद असेल तर फिटनेस दाखला. तेव्हा हस्तांतरण लांबलं तरी विक्रीची लेखी सूचना आरटीओला देऊन पोच घ्याच. स्टॅम्प पेपरवरच्या करारात चेसिस-इंजिन नंबर, नसलेल्या भागांची यादी, ताबा दिल्याची तारीख आणि वेळही लिहा.

जाम झालेलं मूळ इंजिन भंगारात घालू नका. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या बिगर-व्यावसायिक गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते (शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं), पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. घेणारा पैसे मोजतो ते त्यासाठीच.

नोंदणी रद्द करून मग विकू, हा सल्लाही ऐकू नका. मग उरतात फक्त सुटे भाग. आणि गंजलेल्या चेसिस नंबरवर गॅरेजवाल्याकडून नवा पंच तर मुळीच मारून घेऊ नका.