भारतीयीकरण (सैन्यातील अधिकारीपदांचे)

ब्रिटिश अमदानीत हिंदी सैन्यातील अधिकारीपदे गोऱ्यांबरोबरच भारतीयांनाही खुली होत गेली, त्या प्रक्रियेस भारतीयीकरण म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या मध्यापर्यंत या सैन्यातील भारतीयांची धाव जमादार, सुभेदार आणि फार तर सुभेदार-मेजर या पदांपर्यंतच होती. त्यापुढे बढतीला फारसा वाव नव्हता. उभी हयात पलटणीत काढलेल्या सुभेदारानेही नुकत्याच भरती झालेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हुकमाखाली राहावे, असा दंडक होता.

महायुद्धाने ही चौकट खिळखिळी केली. ऑगस्ट १९१७ मध्ये नऊ भारतीयांना राजाचे कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांसारखीच ब्रिटिश राजाच्या नावे होणारी अधिकारीपदाची नेमणूक, मिळाले. १९१८ मध्ये इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी दरवर्षी दहा जागा राखल्या गेल्या आणि त्याच वर्षी इंदूरच्या डेली कॉलेजात, म्हणजे एरवी संस्थानिकांच्या मुलांसाठी असलेल्या संस्थेत, तात्पुरते कॅडेट विद्यालय सुरू झाले. कोडगूचे के. एम. करिअप्पा येथेच शिकून १९१९ मध्ये अधिकारी झाले. इंदूरचा हा प्रयोग अल्पजीवी ठरला, पण त्याचे मोल सँडहर्स्टच्या दहा जागांहून कमी मानता येणार नाही.

१९२३ च्या ‘आठ पलटणींच्या योजने’त भारतीय अधिकारी निवडक आठ तुकड्यांपुरतेच ठेवण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यावर भारतीयाचा हुकूम चालू नये, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो फारसा झाकलेलाही नव्हता. पुढे १९३२ मध्ये डेहराडूनला लष्करी अकादमी उघडली. तिची आखणी करणाऱ्या चेटवूड समितीत नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे होते. मात्र तेथून बाहेर पडलेल्या तरुणांना भारतीयीकृत पलटणींत प्लाटूनची, म्हणजे पलटणीतील छोट्या तुकडीची, कमान मिळे, म्हणजे जे काम आजवर जमादार-सुभेदार करीत आले तेच. बढतीचे दार उघडून पायरी खाली सरकवण्याचाच हा प्रकार होता.

दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची निकड भासताच हे निर्बंध गळून पडले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान भागातील कांगाव येथे थोरात, थिमय्या आणि सेन या तिघा भारतीय अधिकाऱ्यांनी एकाच ब्रिगेडमधील तीन पलटणींचे नेतृत्व केले. १५ जानेवारी १९४९ रोजी ब्रिटिश सरसेनापती जनरल बुचर यांच्याकडून करिअप्पा यांनी सरसेनापतिपदाची सूत्रे स्वीकारली.