कबरीवर वस्तू ठेवायची आहे? अर्ज कोणी करायचा, कागदपत्रं कोणती लागतात

माणूस गेल्यावर पहिले काही महिने घरच्यांचे पाय दफनभूमीकडे वळत राहतात, आणि रिकाम्या हाताने जाववत नाही. फुलं, दिवा, फोटोची चौकट. लहान लेकरू गेलं असेल तर त्याचं खेळणं. मग एक दिवस जाऊन पाहावं तर कबर मोकळी. पुष्कळदा ती वस्तू चोरीला गेलेली नसते. नियमात बसत नाही म्हणून देखभालीच्या माणसांनी ती उचललेली असते, आणि नियम काय आहे हे घरच्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आधीच खचलेल्या घराला हा दुसरा धक्का बसू नये, म्हणून वस्तू ठेवण्याआधी लेखी परवानगी घ्यावी.

प्रत्येक दफनभूमीची नियमावली वेगळी असते, तेव्हा पहिलं काम तिची प्रत मागून घेणं. राखणदाराने ‘ठेवा हो, काही होत नाही’ म्हटलं तरी त्यावर विसंबू नका. उद्या त्याच्या जागी दुसरा येतो आणि पहिल्याचा शब्द त्याला ठाऊक नसतो.

अर्ज कोण करू शकतं

जमीन व्यवस्थापनाच्या मालकीची असते, मग ते व्यवस्थापन ट्रस्टचं असो, समितीचं असो की स्थानिक संस्थेचं. कुटुंबाला मिळतो तो त्या जागेत दफन करण्याचा आणि तिथे खूण उभारण्याचा हक्क, आणि तोही अनेक ठिकाणी ठरावीक वर्षांपुरता. हा हक्क ज्याच्या नावावर नोंदवला आहे, त्याचीच सही अर्जावर चालते. तो हयात नसेल तर आधी वारसाचं नाव नोंदवहीत लावून घ्यावं लागतं. मित्र किंवा लांबचे नातेवाईक यांना काही ठेवायचं असेल तर हक्कदाराचं संमतीपत्र जोडावं.

खरी अडचण येते ती भावंडांत एकमत नसतं तेव्हा. एकाला संगमरवर हवा असतो, दुसऱ्याला साधी माती. व्यवस्थापन अशा वादात पडत नाही, अर्ज नुसता पडून राहतो. सगळ्यांच्या सह्या घेऊनच अर्ज द्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

काय चालतं, काय नाही, आणि का

ताजी फुलं सहसा अर्जाशिवाय चालतात. सुकली की काढली जातात. पक्की बसवायची कोणतीही गोष्ट, म्हणजे नावाचा दगड, कठडा, बाक किंवा रोप, परवानगीशिवाय लावू नये. रोपाची मुळं शेजारच्या कबरीत शिरतात, म्हणून त्याला बहुधा नकारच मिळतो. काच, चिनी माती, लोखंडी तार, सुटे खडे आणि उघडी ज्योत यांना पुष्कळ ठिकाणी मनाई असते.

हे नियम कोरडे वाटतात, पण जमिनीच्या पातळीवर वाकून पाहिलं की पटतात. काचेची बरणी पावसात निम्मी मातीत रुतते, वर गवत वाढतं आणि ती दिसेनाशी होते. गवत कापायच्या यंत्राचा फटका बसला की तुकडे उडतात, आणि नंतर त्याच गवतात कोणीतरी गुडघे टेकतं. फुलदाणीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. साधारण आठवडा-दहा दिवसांत त्याचा पूर्ण वाढलेला डास होतो. नुसतं पाणी ओतून दिल्याने भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. भांडं आतून घासावं लागतं. तळाला भोक असलेलं किंवा ओल्या वाळूने भरलेलं भांडं ठेवणार असल्याचं अर्जात लिहा. परवानगी मिळणं सोपं जातं.

दगडाला इजा करायला जड वस्तूच लागते असंही नाही. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या थडग्यावर चाहते लिपस्टिक लावून चुंबनं घेत. त्यातला स्निग्ध अंश दगडात मुरू लागला आणि पुन्हा पुन्हा साफ करून दगडच झिजू लागला, तेव्हा 2011 मध्ये थडग्याभोवती काचेचं कुंपण घालावं लागलं. प्रेमाने केलेल्या गोष्टीनेही दगडाचं नुकसान होतं ते असं.

नावाच्या जड दगडाची घाई करू नका. नव्या कबरीची माती सहा महिने ते वर्षभर खचत राहते. त्याआधी बसवलेला दगड कलतो, कधी पडतोही. तोवर लाकडी खूण लावायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते.

कागदपत्रं

अर्जात कबरीचा क्रमांक, रांग आणि दफनाची तारीख हवी. सोबत मृत्यू प्रमाणपत्राची प्रत, दफनाची पावती, अर्जदाराचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र जोडावं. छोट्या वस्तूसाठी तिचा फोटो आणि माप पुरतं. दगडासाठी लांबी, रुंदी, उंची, दगडाचा प्रकार आणि त्यावर कोरायचा मजकूर अक्षरशः जसा हवा तसा लिहिलेला आराखडा मागतात. मजकूर मंजूर होण्याआधी कोरायला देऊ नका.

नावाकडे विशेष लक्ष द्या. नोंदवही हाताने लिहिलेली असते, आणि ‘ळ’चा ‘ल’ झाला किंवा वडिलांचं नाव गळलं तरी अर्ज परत येतो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि नोंदवहीतलं नाव जुळत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून जोडावं.

अर्ज दिल्यावर

तारीख घातलेली पोच घ्या. परवानगी किती काळाची आहे, साफसफाई कधी होते, वस्तू काढण्याआधी कळवतात का आणि काढलेली वस्तू किती दिवस सांभाळून ठेवतात, हे त्याच अर्जात विचारून लेखी उत्तर मागा. लहान मुलांच्या कबरींचा विभाग वेगळा असेल तर तिथले नियम स्वतंत्रपणे विचारा. काही ठिकाणी ते जरा सैल असतात.

वस्तू नाहीशी झालीच तर गवत कापणाऱ्या माणसाशी वाद घालू नका, तो दिलेलं काम करत असतो. परवानगीची प्रत आणि वस्तूचा फोटो घेऊन त्याच आठवड्यात कार्यालयात लेखी मागणी करा. ठेवताना वस्तूच्या तळाशी न पुसणाऱ्या शाईने कबरीचा क्रमांक लिहिलेला असेल, तर काढून ठेवलेल्या ढिगातून ती सापडायला वेळ लागत नाही. आणि ज्या वस्तूची जोड पुन्हा मिळणार नाही, ती साफसफाईच्या तारखेआधी घरी घेऊन या.