बळी तो कान पिळी, हे निसर्गाच्या नावावर कुणी खपवलं?

निसर्गात बळी तो कान पिळी हेच खरं, असं आपण अगदी सहज बोलून जातो, पण ही समजूत काही आभाळातून पडलेली नाही, तिला इतिहास आहे. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं १८५९ मध्ये आणि त्यात त्याला खरं अडवलं होतं ते मुंग्यांनी, कारण कामकरी मुंगी स्वतः पिल्लं घालत नाही, राणीचीच वाढवत बसते, मग हा गुण पुढच्या पिढीत जातो कसा? त्याने उत्तर कुटुंबात शोधलं, निसर्गाची निवड, म्हणजे कोण टिकणार हे ठरणं, एकट्याची नाही तर सगळ्या घराची होऊ शकते असं. लोकांनी मात्र उचलली ती फक्त झुंज. डार्विनची बाजू मांडणारा इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली याने १८८८ मध्ये प्राणीजगताची तुलना थेट ग्लॅडिएटरच्या खेळाशी, म्हणजे जुन्या रोममधल्या जीवघेण्या झुंजीशी केली.

त्याला उत्तर दिलं रशियन विचारवंत क्रोपोटकिनने, आणि हा माणूस मला फार मोलाचा वाटतो कारण तो टेबलावर बसून बोलत नव्हता. १८६२ ला तरुणपणी सैबेरियात गेला, तिथे काही वर्षं फिरला, एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये जीवघेणी स्पर्धा दिसेल म्हणून मुद्दाम शोधत होता आणि ती काही सापडेना. दिसलं ते वेगळंच. अमूर नदीच्या काठी हरणांचे हजारोंचे कळप, बर्फ पडायच्या आत दूरदूरच्या मुलखातून एकत्र आलेले, आणि नदी जिथे सगळ्यात अरुंद तिथूनच पार होणारे. त्याचं म्हणणं, अशा कडक हवेत भांडण आपापसात कमी आणि थंडी-भुकेशी जास्त असतं. १९०२ मध्ये त्याचं यावरचं पुस्तक आलं.

लांडग्यांचं पण असंच झालं. प्राण्यांचा अभ्यासक रुडॉल्फ शेंकेलने १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या झू मधल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथून "अल्फा" लांडगा, म्हणजे भांडून टोळीचा म्होरक्या झालेला, जगभर गाजला. पण ते कोंडलेले लांडगे होते! लांडग्यांचा अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीचने जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, बस. आधी हीच अल्फाची कल्पना त्याच्या स्वतःच्या १९७० च्या पुस्तकातूनही पसरली होती, ती त्यानेच दुरुस्त केली, याला मोठं मन लागतं. तरी मॅनेजमेंटच्या भाषणात अल्फा अजून जिवंत आहेच.

मधल्या काळात प्राणी एकमेकांना मदत का करतात याची थिअरी पण पक्की होत गेली, जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ मध्ये नातेवाइकांना केलेल्या मदतीचं गणित मांडलं, आणि ट्रिव्हर्सने १९७१ मध्ये नातं नसलेल्यांमधली उसनवारी, म्हणजे आज मी तुला, उद्या तू मला.

या उसनवारीचं सगळ्यात सुंदर उदाहरण रक्त पिणारी वटवाघळं. यांना दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर मरतात, आणि शिकार काही रोज मिळत नाही. संशोधक जेरी विल्किन्सनने मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकात पाहिलं की उपाशी परतलेल्या मादीला दुसरी मादी आपल्या पोटातलं रक्त उलटून तोंडात देते, आणि फक्त नातलगच नाही तर नेहमी सोबत राहणारी सुद्धा, हे त्याने १९८४ मध्ये छापलं. म्हणजे दया आहेच पण ओळख पण आहे, कोणासोबत किती काळ काढला हे महत्त्वाचं आहे.

इथे एक गोष्ट लपवायला नको. चिंपांझींची अभ्यासक जेन गुडॉलने टांझानियातल्या गोंबेत ज्या चिंपांझींचा लळा सगळ्या जगाला लावला, त्यांचाच एक समूह फुटला आणि १९७४ ते १९७८ या काळात मोठ्या गटातल्या नरांनी मिळून फुटून गेलेल्यांना एकेक करून मारलं. जे आधी एकत्र फिरत होते त्यांनाच! आणि हे मारणं सुद्धा सहकार्यानेच झालं. त्यामुळे "एकी करा" एवढंच प्राण्यांकडून घेतलं तर ते अर्धवट आहे, एकी कोणाला आत धरते आणि कोणाला बाहेर ठेवते हेही बघायला हवं.

म्हणून मला २०२० चं काम जास्त आवडतं. जेराल्ड कार्टर आणि सहकाऱ्यांनी पनामातल्या दोन लांबच्या ठिकाणची वटवाघळं एकत्र ठेवली, पूर्ण अनोळखी. त्यांनी लगेच रक्त वाटलं नाही. आधी एकमेकींचं अंग साफ करणं सुरू झालं, ज्यात फारसं काही जात नाही, ते वाढत गेलं, आणि मग काही जोड्यांमध्ये उपाशी असताना रक्त देण्यापर्यंत गोष्ट पोचली.