सील किट दोनदा बदललं तरी बूम खालीच

पोकलेनचा बूम (बकेट उचलणारा मोठा हात) वर ठेवून ऑपरेटर इंजिन बंद करून चहाला गेला (असं ठेवून जाऊच नये, पण जातात) आणि परत येऊन बघतो तर बकेट फूटभर खाली. आता ही तक्रार घेऊन आमच्या कोल्हापूरकडं शिरोलीत जावा, गोकुळ शिरगावात जावा नाहीतर उद्यमनगरात, बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळणार, "पिस्टन सील गेलंय, किट टाकू," म्हणजे सिलिंडरमधली सगळी सीलं नवी घालू. मीही सिलिंडर रिपेअरच्याच धंद्यात आहे आणि कित्येक वर्षं हेच सांगत होतो. मग एका मशीनला दोनदा किट घालूनही बूम बसायचा थांबेना, मालकानं जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही, पण त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो आणि कळलं की साधा हिशोबच आपण कधी केला नव्हता.

बूम उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर म्हणजे काय तर एक जाड बॅरल, आत दाबाच्या तेलानं सरकणारा पिस्टन, पिस्टनला रॉड, आणि रॉड जिथनं बाहेर येतो तिथं ग्लँड, म्हणजे सील असलेलं झाकण. पास्कलनं 1650 च्या दशकात सांगून ठेवलंय की कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडं सारखाच पसरतो. 20 टनी पोकलेनच्या बूमचा सिलिंडर साधारण 120 मिमी बोअर (आतला व्यास) आणि 85 मिमी रॉडचा धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ 113 चौरस सेंमी, दाब 300 किलो प्रति चौरस सेंमी, म्हणजे एकटा सिलिंडर जवळजवळ 34 टनांचा जोर लावतो. गाडीच्या टायरमध्ये हवा असते जेमतेम 2 किलो, त्यावरनं अंदाज घ्या. रॉड आत ओढताना मात्र रॉडची जागा वजा होते, 56 च चौरस सेंमी उरतात, म्हणून ओढायची ताकद निम्मी.

एवढा दाब अडवतं कोण, तर बोटभर जाडीचं पॉलीयुरेथेनचं सील. याची गोष्ट भारी आहे. 1795 मध्ये लंडनला जोसेफ ब्रामानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की पाणी बाजूनं गळायचं आणि घट्ट पॅकिंग घातलं तर रॅम हलायचाच नाही. त्याच्याकडं कामाला असलेल्या हेन्री मॉड्स्लेनं वाटीसारखं वळवलेलं चामडं बसवलं असं मानतात. दाब वाढेल तशी वाटीची कड आपोआप भिंतीला दाबली जाते, दाब गेला की सैल. आजच्या यू आकाराच्या सीलमध्ये तीच अक्कल आहे, फक्त चामडं गेलं. कोल्हापुरात चामड्याचं म्हटलं की आपण पायाकडं बघतो, पण जगातल्या पहिल्या हायड्रॉलिक प्रेसचा दाबही चामड्यानंच धरला होता!

आता मुद्द्यावर येतो. पोकलेनचा बूम सिलिंडर खालनं बूमला टेकू देतो, म्हणजे बूमचं वजन रॉडला आत ढकलतं. लिव्हर न्यूट्रलला आहे, तेल आत-बाहेर जायची दोन्ही तोंडं (पोर्ट) बंद आहेत, आणि समजा पिस्टन सील पार गेलंय, अगदी काढूनच टाकलंय. तेल पिस्टनच्या खालनं वर जाईल, बरोबर? जाईल, पण रॉड आत येताना स्वतःची जागा घेतो ना. बॅरलमध्ये तेल तेवढंच आणि वर आणखी रॉड घुसणार, तर तेलानं जायचं कुठं? तेल दाबलं जातं ते नावाला, 250 किलोला दीड टक्क्याच्या आसपास. त्यामुळं बूम किंचित दबून तिथंच थांबतो, फक्त आतला दाब दुप्पट होतो, कारण आता सगळं वजन एकट्या रॉडच्या क्षेत्रफळावर येतं. म्हणजे बूम खाली यायचा असेल तर तेल सिलिंडरच्या बाहेर गेलंच पाहिजे, नुसत्या पिस्टन सीलमुळं तो बसूच शकत नाही. ग्लँड कोरडं असेल तर ते तेल कंट्रोल व्हॉल्वच्या स्पूलमधनं (लिव्हरनं सरकणारी, तेलाची वाट बदलणारी दांडी) नाहीतर बूम वर धरून ठेवणाऱ्या होल्डिंग व्हॉल्वमधनं निसटतंय.

सील निर्दोष असतं असं म्हणत नाही मी. सील खराब असेल तर वाढलेला दाब रॉडच्या बाजूच्या लाइनवरही येतो आणि जरा झिजलेला स्पूल तिथं हार मानतो. आणि वजन रॉडला बाहेर ओढत असेल तर सगळा हिशोबच उलटा, तिथं एकटं सीलसुद्धा लोड सोडू शकतं.

मग ओळखायचं कसं? रॉड शेवटपर्यंत बाहेर येईल असा बूम उचलून त्याला नीट टेकू द्या, लाइनमधला दाब सोडा, रॉडच्या बाजूचा होज काढून त्याच्या तोंडाला प्लग मारा, मग पिस्टनच्या बाजूला प्रेशर द्या. उघड्या पोर्टमधनं आतलं उरलेलं तेल गळून गेल्यावरही धार चालूच राहिली तर सील गेलंय, नाही राहिली तर व्हॉल्व खोला. गळती हातानं चाचपडू नका, कधीच. टाचणीएवढ्या भोकातनं येणारं तेल कातडीच्या आत घुसतं, वरनं मुंगी चावल्यासारखं दिसतं पण तातडीनं ऑपरेशन नाही झालं तर बोट जातं. गळती शोधायला हाताऐवजी पुठ्ठा फिरवा.

खरं सांगायचं तर सिलिंडरचं जास्त नुकसान रॉडवर होतं. रॉडवरचं हार्ड क्रोम 20-30 मायक्रॉनचं, केसाच्या निम्म्याहून कमी. त्याला मुळातच डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात, त्यातनं पाणी खाली गेलं की लोखंड गंजतं आणि क्रोमचे पोपडे निघतात, मग तो रॉड प्रत्येक स्ट्रोकला नवीन सील कानशीसारखं घासतो. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर पंचगंगेकाठची जी मशीनं आमच्याकडं आली त्यात रॉड बाहेर राहिलेल्यांचे हाल होते, रॉड आत असलेली बरीच निभावली. असा रॉड जुनं क्रोम काढून, ग्राइंड करून, परत क्रोम करून, परत ग्राइंड केल्याशिवाय किट घालणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं.

त्या मशीनचं काय झालं ते राहिलंच. रॉड चकाचक होता, तिसऱ्यांदा सिलिंडर खोलायच्या आधी वरची टेस्ट घेतली, उघड्या पोर्टमधनं थेंब नाही. होल्डिंग व्हॉल्व खोलला तर सीटवर रबराचा एक तुकडा अडकलेला, भाताच्या शिताएवढा पण नव्हता. आधी कुणीतरी साइटवरच होज कापून बसवला होता आणि आतला कचरा काढायला हवा मारायची राहिली होती. साफ करून बसवला आणि रॉडवर खडूनं खूण केली, तासाभरानं बघितलं तर खूण जिथल्या तिथं. दुसऱ्या किटचे पैसे मी परत दिले, पहिल्याचे त्यानं मागितले नाहीत.