न ताणणारी तार रिमवर चढते कशी?

“ट्यूबलेस टायर घरी बदलायच्या फंदात पडू नका, त्याला मशीनच लागतं,” असं कुणी ना कुणी सांगतंच. मोबाइलवरचे व्हिडिओ बघितले तरी तेच वाटतं. दोन दणकट गडी, तीन टॉमी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), नुसता घाम, आणि शेवटी रिमचा काठ खरवडून टायर एकदाचा चढतो. बघणाऱ्याची खात्री पटते की हे ताकदीचं काम आहे. खरं तर यात ताकद लागायला लागली की खुशाल समजावं, काहीतरी चुकतंय. हे काम भूमितीचं आहे, आणि तीही शाळेतल्याच भूमितीचं.

टायरचा जो काठ रिमला टेकतो त्याला बीड म्हणतात. नवा टायर हातात आला की तो काठ बोटांनी ताणून बघा. बाकीचा टायर वाकतो, दबतो, पण हा काठ काही लांब होत नाही. त्याच्या पोटात पोलादी तारेचं कडं असतं. रबर ताणलं जातं, हे कडं जात नाही, आणि जाऊही नये, कारण त्याच्याच जिवावर टायर रिमवर टिकतो. आपल्याकडच्या कितीतरी स्कूटरना दहा इंची चाकं असतात. म्हणजे या कड्याचा व्यास झाला सुमारे २५४ मिलिमीटर. रिमची बाहेरची कड मात्र बैठकीपेक्षा, म्हणजे बीड जिथे टेकून बसतो त्या जागेपेक्षा, साधारण १४ मिलिमीटर उंच असते, म्हणजे तिचा व्यास २८२. आता २५४चं कडं २८२वरून पलीकडे न्यायचं, तेही न ताणता.

जुन्या चेतकवाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२पासून निघालेल्या त्या स्कूटरची रिम दोन तुकड्यांची होती. नट सोडले की रिमच उघडायची, टायर अलगद हातात. (आधी हवा सोडायची, हे विसरलेल्यांना रिमनेच अद्दल घडवली असणार.) पण तिथे हवा ट्यूबमध्ये असायची, रिमच्या सांध्यातून गळण्याचा प्रश्नच नव्हता. ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवायचं काम टायर आणि रिम मिळून करतात. टायरला आतून ब्यूटिल जातीच्या रबराचा थर असतो. साध्या नैसर्गिक रबराच्या तुलनेत त्यातून हवा फारच हळू झिरपते. पण रिमलाच सांधा असेल तर तो थर काय करणार? म्हणून ट्यूबलेस स्कूटरची रिम सहसा सलग, एकसंध असते. टायर बदलायचा तर तिच्या कडेवरूनच न्यावा लागतो.

उत्तर कासाराला विचारा. काचेची बांगडी ताणत नाही, तरी मनगटापेक्षा रुंद पंजावरून ती आत जाते, कारण कासार अंगठा तळहाताच्या खळग्यात दुमडतो. रिमच्या मधोमधही तसाच खळगा असतो, गोल फिरणारा चर. टायर काढलेली रिम बघितली तर तो ठळक दिसतो, आणि बऱ्याच जणांना वाटतं की तो वजन कमी करायला किंवा शोभेला आहे. तो चर नसता तर टायर चढलाच नसता.

हिशेब असा. कडं कडेवरून सरकताना एका बाजूला ते कडेच्या माथ्यावर असतं, केंद्रापासून १४१ मिलिमीटरवर. कड्याचा व्यास २५४. मग समोरच्या बाजूला उरतात २५४ वजा १४१, म्हणजे ११३. समोरचं कडं केंद्राच्या इतक्या जवळ यायला हवं. पण बैठक आहे १२७वर. म्हणजे समोरच्या बाजूला कडं बैठकीच्या १४ मिलिमीटर खाली उतरलं पाहिजे. थोडक्यात, कड जितकी वर, चर किमान तितका खोल. रिम बनवणारे त्याहून थोडा जास्तच ठेवतात, तेवढी आपली सवड.

समोरचा काठ बैठकीवरच राहिला तर? १२७ अधिक १४१ बरोबर २६८. चौदा मिलिमीटर कमी पडतात, आणि ते पोलादातून काढायला तुम्ही टॉमीवर रेटा देता. तीस सेंटिमीटरची टॉमी, दीड सेंटिमीटरवर टेकू, म्हणजे वीसपट जोर. हाताने वीस किलो लावले की टोकाला चारशे. त्यात बीडची तार तुटते किंवा अलॉयच्या रिमला खाच पडते, आणि त्या खाचेतून हवा गळत राहते. म्हणून खरी करामत टॉमीत नाही, गुडघ्यात आहे. टॉमी लावायची त्याच्या बरोबर समोर दोन्ही गुडघे टायरवर रोवायचे, काठ चरात ढकलायचा आणि तिथेच दाबून धरायचा. मग टॉमीने एकेका वेळी दोन-तीन बोटं इतकाच काठ घ्यायचा. बहुतेक व्हिडिओंमध्ये नेमकी हीच जागा कॅमेऱ्याबाहेर असते.

ही युक्ती जुनी आहे. डनलॉपचा १८८८चा हवेचा टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलून काढायचं. १८९० साली इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने न ताणणाऱ्या तारेचा काठ आणि मध्ये खोल असलेली रिम अशी जोडी काढून पेटंट घेतलं. आज तुमच्या स्कूटरखाली तीच जोडी फिरतेय.

जुना टायर आधी बैठकीवरून सुटावा लागतो, आणि घरी माणसं हरतात ती इथेच. हवा पूर्ण सोडली, व्हॉल्व्हची पिनही काढली, तरी टायर रिमला चिकटलेलाच. कारण बैठक सपाट नसते, बाहेरच्या कडेकडे ५ अंशांनी चढत जाते. त्या चढावर काठ एक सेंटिमीटर सरकला की त्रिज्या जवळपास ०.९ मिलिमीटरने वाढते. तार ताणत नाही, म्हणून तिच्याखालचं रबर चेपतं आणि रिमला आवळून बसतं. मग ते परत घसरत का नाही? ५ अंशांच्या चढाचं गुणोत्तर आहे ०.०९च्या आसपास, कोरड्या रबराचा धातूवरचा घर्षणांक त्याच्या कितीतरी पट. उतारापेक्षा घर्षण मोठं, म्हणून पाचरीसारखा अडकलेला काठ आपोआप निघत नाही. हवा गेली तरी टायर सहसा लगेच रिम सोडत नाही, त्यामागे हे आहे. लोखंडी रिम असेल तर वर गंजाची भर.

दाब द्यायचा तो काठाच्या अगदी लगत. टायरच्या पोटावर दाबलं तर पोटच दबतं. सुताराचा सी-क्लॅम्प इथे उत्तम. एका जागी आवळायचं, चार बोटं पुढे सरकायचं, पुन्हा आवळायचं. एक ठिकाण ‘कट’ करून सुटलं की बाकीचं पटापट सुटतं. साबणाचं पाणी भरपूर वापरा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, खनिज तेलाने रबर फुगतं आणि खराब होतं.

नवा टायर चढवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते बघा. रबरी व्हॉल्व्ह नवा बसवा, तो स्वस्त असतो.

मग हवा. पायपंपाने मारलेली हवा काठाच्या फटीतून तितक्याच वेगाने पळते, म्हणून टायरभोवती, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, दोर किंवा पट्टा आवळतात. मधला भाग दबला की काठ बाहेर फाकतात, फट बुजते आणि दाब धरतो. काठ रिमला टेकू लागला की दोर सोडून घ्यावा. पेट्रोल शिंपडून काडी लावली की टायर धडामकन बसतो, असे व्हिडिओ फिरतात. तो बसतो खरा, पण तो स्फोट आहे, आणि तो किती मोठा होईल हे ना पेट्रोलला माहीत ना तुम्हाला. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्या समाजात निदान लिंबाने कुणाची बोटं जात नाहीत.

दाब वाढला की काठ चढावरून सरकतो आणि ‘टप्प’ असा आवाज येतो, एकदा एका बाजूने, मग दुसऱ्या. त्यामागचं बळ मोजून बघा. मागच्या चाकात साधारण २९ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. काठापासून टायरच्या सर्वांत फुगीर रेषेपर्यंतचं वर्तुळाकार क्षेत्र घेतलं, त्रिज्या १२.७ ते सुमारे १७ सेंटिमीटर, तर ते भरतं ४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक काठ रिमच्या कडेवर आठशे किलोच्या आसपास बळाने रेटला जातो. ट्यूबशिवाय हवा कशी टिकते याचं उत्तर यातच आहे: जी हवा बाहेर पडू बघते, तीच फट आवळून धरते. म्हणूनच काठ बसत नाही म्हणून टायरवर छापलेल्या मर्यादेपलीकडे हवा ठोसत बसू नका. सोडा, पुन्हा साबण लावा, पुन्हा भरा. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर एवढं लक्षात ठेवा की साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

टायरच्या बाजूवर, रिमच्या कडेलगत, एक बारीक उंचावलेली रेघ असते. चाक हाताने फिरवा. ती रेघ सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी ती आत बुडाली असेल तर तिथे काठ अजून बैठकीवर नीट बसलेला नाही, आणि गाडी चालवताना चाक उड्या मारेल. शेवटी काठावर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का ते बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्याआधी हवा पुन्हा मोजायची.