तिसऱ्या जंगलात नवीन काही दिसेना

पहिल्या मोठ्या पक्षीसहलीची आखणी मी नावाजलेल्या जागा बघून केली होती. पाच दिवस, तीन जंगलं. पहिल्या जंगलात वहीची पानं भराभर भरली. दुसऱ्यात बरीचशी नावं तीच. तिसऱ्यात सकाळभर चालून एकाच नव्या नोंदीवर समाधान मानावं लागलं. जंगलाला बोल लावण्यात अर्थ नव्हता, आखणीच चुकली होती.

एका जागी पक्षी मोजत बसलं की नव्या जातींचा आलेख आधी झपाट्याने चढतो आणि मग आडवा होत जातो. कुठल्याही अधिवासात मोजक्याच जाती संख्येने मुबलक असतात, बाकीच्या बहुतेक विरळ. मुबलक असलेल्या पहिल्या काही तासांतच दिसून जातात, विरळ जातींसाठी मात्र दिवस खर्ची पडतात. आलेख आडवा होऊ लागला की मुक्काम हलवावा, तोही वेगळ्या अधिवासात.

रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये या हिशेबाला नावं दिली. एका ठिकाणची विविधता ती अल्फा, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना जातींमध्ये पडणारा फरक तो बीटा, आणि सगळ्या प्रदेशाची मिळून गॅमा. समजा, दोन जंगलांत प्रत्येकी ८० जाती आहेत आणि त्यातल्या ७० सामाईक. दोन्ही पालथी घातली तरी बेरीज ९०. तेच एक जंगल आणि एक पाणथळ घेतलं, दोन्हीकडे ८०च जाती आणि सामाईक फक्त १०, तर बेरीज थेट १५०. पायपीट तेवढीच, दिवसही तेवढेच!

बीटा झटपट हवा असेल तर डोंगर गाठावा. दर हजार मीटर चढाला हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने गार होते. मग झाडं बदलतात, झाडांबरोबर किडे आणि किड्यांमागोमाग पक्षी. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो पर्वत चढताना वनस्पतींचे असेच एकावर एक पट्टे टिपून ठेवले होते. माळरान मात्र ‘नुसतं गवत’ म्हणून लोक यादीतून खोडतात, ते मला पटत नाही. चंडोल जंगलात शोधून सापडायचा नाही. सांडपाण्याची तळीही गाळू नयेत. तिथल्या गाळात किड्यांच्या अळ्यांची रेलचेल असते, म्हणून बदकं आणि चिखलपक्षी गर्दी करतात. वासाचं आपण बघून घ्यायचं.

जागा ठरल्या की घड्याळ. जंगलाला पहाट द्यावी. तेव्हा भक्ष्य दिसण्याइतका उजेड नसतो, पण वारा पडलेला असतो आणि आवाज लांबवर पोहोचतो, म्हणून पक्षी गात असतात. गरुड-गिधाडांसाठी झुंजुमुंजूला उठून आकाशाकडे बघत बसणं मात्र फुकट. जमीन तापून गरम हवेचे झोत वर उठू लागले की त्यांवर पंख पसरून ते घिरट्या घेतात, त्यामुळे नाश्ता करून निघालं तरी चालतं. भर दुपारी जंगलात शुकशुकाट असतो, तेव्हा पुढचा प्रवास उरकावा. सस्तन प्राण्यांना संध्याकाळचा पाणवठा, शक्यतो कोरड्या ऋतूच्या अखेरीस, जेव्हा पाण्याच्या जागा थोड्याच उरलेल्या असतात. तिथे गाडीतून उतरू नये. उभा माणूस दिसला की एरवी गाडीला न बुजणारं हरीणही उधळतं.

दुर्बीण घेताना १०×४२ चा मोह होतो (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). मी ८×४२ घेईन. ४२ला ८ने भागलं की ५.२५ मिलिमीटर, इतक्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. १०ने भागलं तर ४.२. झाडीतल्या अंधूक उजेडात बुबुळाच्या मधली बाहुली रुंदावलेली असते, तेव्हा हा फरक जाणवतो. शिवाय हात थरथरला तर चित्र कमी हलतं.

सगळ्यात कडक वेळापत्रक समुद्राचं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे कालची भरती आज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, आणि अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे सगळ्यात कमी. हे ठाऊक असूनही एकदा मी ऐन ओहोटीला पोहोचलो. समोर मैलभर उघडा चिखल आणि त्याच्या पार पलीकडच्या कडेला मिरी सांडल्यासारखे ठिपके. जात ओळखणं सोडाच, ते पक्षी आहेत हेही विश्वासावर घ्यायचं. दुसऱ्या दिवशी भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसलो. पाणी चढत आलं तशी चिखलाची पट्टी अरुंद होत गेली आणि अख्खा थवा चरत चरत आमच्याकडे सरकू लागला. शेवटी त्यांतली एक तुतारी, म्हणजे एक चिखलपक्षीच, वीसेक पावलांवर आली. तिने चोचीने एक किडा बिळातून ओढला, तो रबरासारखा ताणला गेला आणि निसटून परत आत गेला. तिने लगेच त्याच भोकात पुन्हा चोच खुपसली.