उत्सर्जन घटलं की तीव्रता घटली?

‘भारताचं उत्सर्जन ३३ टक्क्यांनी घटलं’ अशा अर्थाचं वाक्य अधूनमधून वाचायला मिळतं. त्यातला आकडा खरा आहे, वाक्य खोटं आहे. २००५ ते २०१९ या काळात ३३ टक्क्यांनी घटली ती उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे जीडीपीच्या दर रुपयामागे हवेत जाणारा, तापमान वाढवणारा वायू. एकूण उत्सर्जन वाढतच गेलं. सरकारी हिशेबानुसार २०१० मध्ये ते सुमारे २१४ कोटी टन होतं, २०१९ मध्ये ३१३ कोटी टन झालं (जंगलं शोषून घेतात तो वाटा वजा न करता).

गाडीचं ॲव्हरेज सुधारलं तरी फेऱ्या दुप्पट केल्या तर पेट्रोलचं बिल वाढणारच. इथेही तेच गणित आहे. अर्थव्यवस्था वर्षाला ७ टक्क्यांनी वाढली आणि तीव्रता ३ टक्क्यांनी घटली, तर एकूण उत्सर्जन जवळपास ४ टक्क्यांनी वाढतं.

म्हणून भारत फसवतोय, असं म्हणणारेही चुकतात. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या वेळी भारताने जे कबूल केलं, २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान करारासाठी जे वचन दिलं आणि २०२२ मध्ये वाढवून ४५ टक्के केलं, त्यातलं उत्सर्जन घटवण्याचं लक्ष्य तीव्रतेबद्दलच होतं. माणशी कार्बन डायऑक्साइड अमेरिकेच्या साधारण सातव्या हिश्शाइतका असलेल्या देशाने एकूण आकड्यावर आत्ताच मर्यादा घालून घ्यावी, हे मला तरी न्याय्य वाटत नाही. पण हेच माप श्रीमंत देशाने उचललं की संशय घ्यावा. श्रीमंत देशांच्या एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालणारा क्योटो करार नाकारल्यावर २००२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दहा वर्षांत तीव्रता १८ टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य जाहीर केलं. अर्थव्यवस्था नेहमीच्या वेगाने वाढत राहिली असती, तर हे लक्ष्य गाठूनही अमेरिकेचं एकूण उत्सर्जन वाढलंच असतं.

उलटा प्रकार रशियात घडला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडले आणि उत्सर्जन धाडकन खाली आलं. पण जीडीपी त्याहूनही जास्त आक्रसला, त्यामुळे नव्वदच्या दशकात तीव्रता वाढली. क्योटोमध्ये रशियाला १९९० ची पातळी ओलांडू नका एवढंच सांगितलं होतं. काहीही न करता लक्ष्य पूर्ण, वर इतर देशांना विकायला उत्सर्जनाचा शिल्लक कोटा! एकूण आकडा घटला म्हणजे कारभार सुधारला, असंही नाही. ब्रिटनमध्ये मात्र एकूण उत्सर्जन आणि तीव्रता दोन्ही घटली: १९९० पासून उत्सर्जन निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली. अर्थात, तिथे लागणारा काही माल आता बाहेरच्या देशांतल्या कारखान्यांत बनतो, ते उत्सर्जन ब्रिटनच्या हिशेबात येत नाही.

तापमान ठरतं ते हवेत साचलेल्या एकूण टनांवर. जीडीपीने भागाकार केल्याने त्यात काही फरक पडत नाही.

२०२३ मध्ये आलेली भारताची कार्बन क्रेडिट योजनाही तीव्रतेवरच चालते, फक्त इथे रुपयाऐवजी उत्पादनाचा टन धरतात. समजा, चंद्रपूरकडच्या एखाद्या सिमेंट कारखान्याला सिमेंटच्या टनामागे ०.६२ टन उत्सर्जनाची मर्यादा आहे. त्याने उत्सर्जन ०.६५ वरून ०.६० वर आणलं आणि उत्पादन ३० लाख टनांवरून ४० लाखांवर नेलं. धुराड्यातून आधी साडेएकोणीस लाख टन जात होते, आता चोवीस लाख जातात. आणि मर्यादेच्या खाली राहिल्याबद्दल विकता येतील अशी प्रमाणपत्रंही त्याला मिळतात.